पिपिटचा रुसलेला काटा

“पळालं! पळालं! आता उडणार बघा!” सयाजी कुंपणाच्या फळीवर चढून ओरडला.

“उतर खाली! पडलास तर काकू मलाच बोलेल,” मथुरा म्हणाली. पण बाईसाहेबांचा स्वतःचाही एक पाय फळीवरच होता. तिची मैत्रीण चंपा तेवढी जमिनीवर उभी होती, आणि तेही दोन्ही मुठी प्रसादाच्या चुरमुऱ्यांनी भरलेल्या होत्या म्हणून!

दसऱ्याची सकाळ होती. शाळेला सुट्टी होती आणि जक्कूरच्या विमानाच्या मैदानावर निम्मं बंगळूर लोटलं होतं. कारणही तसंच होतं. वेल्सच्या मिस ओल्वेन प्राइस एकट्या, एका इंजिनाच्या एवढ्याशा विमानातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. विमानाचं नाव होतं ‘पिपिट’. पिपिट म्हणजे माळावरचा एक बारकासा पक्षी, असं पेपरात छापून आलं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी पिपिट इथं उतरलं, नवमीला बाईंनी विश्रांती घेतली, आणि आज त्या मद्रासला, तिथून पुढे समुद्र ओलांडून रंगूनला निघाल्या होत्या.

पिपिट धावलं. शेपूट उचललं गेलं. आणि एकदम इंजिनाचा आवाज बसला! शेपूट धपकन खाली आलं आणि विमान मैदानाच्या टोकाशी जाऊन गप्प उभं राहिलं.

“अय्यो! काही विसरल्या की काय?” चंपानं विचारलं.

बाई उतरल्या. पंखाखाली वाकून त्यांनी काहीतरी निरखून पाहिलं, मान हलवली आणि चालत परत आल्या. वेगाचा काटा मेला होता. विमान जिवाच्या आकांतानं धावत होतं आणि काटा आपला शून्यावर मांडी ठोकून बसला होता! “वेग कळल्याशिवाय मी एवढा समुद्र ओलांडणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

शांत नव्हते ते अप्पासाहेब. अप्पासाहेब म्हणजे स्वागत समितीचे अध्यक्ष, फ्लाइंग क्लबच्या कमिटीचे सभासद आणि ‘गगनगंध’ उदबत्तीचे कारखानदार. डोक्यावरचा जरीचा म्हैसुरी पेटा सावरत ते कडाडले, “काटे असतात त्या फळीला परवा हात कुणी लावला होता? कुणी?”

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथं विठोजी उभा होता. क्लबचा मेकॅनिक आणि मथुरा-सयाजी या भावंडांचा सख्खा काका.

“मीच, साहेब,” विठोजीकाका म्हणाला. “बाईंनीच सांगितलं होतं. काट्यामागचा दिवा लागत नव्हता. तेवढा बदलला. दुसऱ्या कशालाही...”

“दिवा लावायला गेलास आणि अंधार केलास! सगळ्या जगात आपली शोभा झाली. आता काटा मुंबईहून मागवायचा, तोवर बाई इथं अडकल्या. यापुढं तू विमानाजवळ फिरकायचं नाही. संध्याकाळी कमिटी बसेल, तेव्हा तुझं काय करायचं ते बघू!”

“साहेब, एकदा मला बघू तर द्या...”

“मानसिंग! याला बाहेर काढ!”

मानसिंग पहारेकरी बिचारा ओशाळला. विठोजीकाका वळला आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर चालू लागला. मथुराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकाला कुणी एकेरीत दटावलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते राहायचे त्या कब्बनपेटेत कुणाचं शिवणयंत्र अडलं, कुणाचा पंप रुसला, तरी सगळे ‘विठोजीअण्णा, स्वल्प बघता का?’ असंच म्हणायचे!

घरी पोचल्यावर काका ओसरीवर बसला तो बसलाच. घरात पुरणपोळी होती, पण पानाला त्यानं हातसुद्धा लावला नाही. काकू दोनदा बोलवून गेली आणि तिसऱ्यांदा डोळ्याला पदर लावून परत गेली.

“काका,” मथुरा जवळ जाऊन बसली, “तो काटा चालतो कसा?”

“हवेवर चालतो, बाळ. पंखाखाली एक नळी असते. करंगळीएवढ्या जाडीची, बारीक भोकाची, तोंड पुढं केलेली. विमान पळालं की तिच्यात हवा शिरते आणि ती हवा आतून काट्याला ढकलते. जितकी जोरात हवा, तितका वेग.”

“मग नळीत काही अडकलं असेल तर?”

“मी आधी तीच उतरवून बघितली असती! बाईंनी वाकून बघितलं, नळीचं तोंड मोकळं आहे म्हणाल्या. पण आत लांबवर काय आहे, ते बाहेरून दिसायचं नाही. आणि मला तर जवळही जायला बंदी आहे.”

मथुरानं सयाजीला आणि चंपाला बाहेर ओढलं. “ऐकलंत? नळीत काहीतरी आहे!”

“मुंगळा!” सयाजी म्हणाला.

“चुरमुरा,” चंपा म्हणाली. “काल प्रसादाच्या वेळी किती उडत होते!”

“वर उडून पंखाखालच्या नळीत? तुझ्या तोंडाखेरीज चुरमुरा दुसरीकडे जातो का कधी?”

“मग तूच सांग, शहाणे!”

मथुरा कालचा दिवस आठवू लागली. काल खंडेनवमी होती. बंगळूरला या दिवशी कात्रीपासून रोलरपर्यंत सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. मैदानावर पिपिटचीही झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं कोहळा फोडला. त्या वेळी बाई हॉटेलात झोपल्या होत्या. काका वर्कशॉपमध्ये आपल्या पान्यांना हळदकुंकू वाहत होता. आणि ही तीन रत्नं प्रसादाच्या रांगेत सगळ्यात पुढं होती, तोंड प्रसादाकडे आणि पाठ विमानाकडे! हे आठवून मथुरानं कपाळावर हात मारला.

“थांबा,” ती एकदम म्हणाली. “कुणीतरी बघत होतं की! रघुपतीअण्णा!”

रघुपतीअण्णाचा फोटो स्टुडिओ गल्लीच्या तोंडाशीच होता. कालच्या पूजेचे फोटो त्यानंच काढले होते. तिघं धावत पोचली, तेव्हा तो एका भल्यामोठ्या फोटोवर वाकला होता. हातात बारीक कुंचला आणि बशीत करडा रंग.

“आत या, पण धक्का मारू नका हं! अप्पासाहेबांचा मोठा फोटो आहे. उदबत्तीच्या जाहिरातीत छापणार आहेत.”

फोटोत अप्पासाहेब झोकात उभे होते. खांद्यावर शाल, डोक्यावर पेटा. एका हातात गगनगंधचा पुडा कॅमेऱ्याकडे वळवून धरलेला. दुसरा हात वर, पिपिटच्या पंखाकडे. आणि त्या पंखाखाली एक पांढुरकी रेघ वळणं घेत वर गेली होती.

“ही रेघ कसली, अण्णा?” मथुरानं विचारलं.

“तीच तर पुसतोय. फोटो धुताना डाग पडला वाटतं. आत्ता रंग लावला की गेला बघ!” अण्णानं कुंचला रंगात बुडवला.

“थांबा!!” मथुरा एवढ्यानं किंचाळली की कुंचला बशीत पडला आणि चंपाच्या हातून चुरमुरे सांडले. “अण्णा, हा डाग नाही! हा धूर आहे!”

“धूर? बंद विमानातून?”

“विमानातून नाही. उदबत्तीतून! नीट बघा ना. अप्पासाहेबांच्या एका हातात पुडा आहे. मग पेटवलेली उदबत्ती कुठं आहे? ती खोचलीय! पंखाखालच्या नळीत!”

सगळ्यांची डोकी फोटोवर आदळली. खरंच! नळीच्या तोंडातून एक काडी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला धुराची रेघ.

“देवा!” रघुपतीअण्णा मटकन स्टुलावर बसला. “मी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली होतो गं. माझं सगळं लक्ष त्यांचा पेटा वाकडा दिसू नये इकडे!”

“उदबत्तीला घर हवं म्हणून विमानाची नळी?” चंपा खो खो हसत सुटली. “आमची आजी केळ्यात खोचते!”

“काढताना मोडली असणार. तुकडा आतच राहिला,” सयाजी म्हणाला. “चला, फोटो घेऊन जाऊ आणि अप्पासाहेबांच्या नाकापुढं धरू!”

“आणि ते काय म्हणतील?” मथुरानं विचारलं. “‘रघुपतीच्या हातचा डाग आहे, फाडून टाका.’ काकाची बाजू ऐकली का त्यांनी? मग आपली ऐकतील? त्यांनी स्वतःच्या हातानं, सगळ्यांसमोर दाखवायला हवं. आणि ते दाखवतील. फोटो काढतो म्हटलं की दाखवतील!”

तिनं आपला बेत सांगितला. रघुपतीअण्णा आधी घाबरला, मग हसला आणि मग त्यानं स्टुडिओला कुलूप घातलं.

दुपार कलताना तो जक्कूरला अप्पासाहेबांपुढं हात जोडून उभा होता. “साहेब, फोटो फार छान आला. पण पंखाजवळ डाग दिसतोय. जाहिरातीत बरा दिसणार नाही. विमान अजून आहे तोवर पुन्हा एक काढला तर?”

बघा, एक अक्षर तरी खोटं होतं का?

“डाग? छे छे! डाग चालायचा नाही!” अप्पासाहेबांनी लगेच शाल मागवली. सकाळचा राग कुठल्या कुठं पळाला. “पण पेटा सरळ आला होता ना?”

“एकदम सरळ, साहेब.”

फाटकाशी मानसिंगनं मुलांना अडवलं. “विठोजींच्या माणसांना आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे.”

“हे तिघं माझे मदतनीस,” रघुपतीअण्णा म्हणाला. सयाजीच्या खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं होतं, चंपाच्या काखेत काळा कपडा होता आणि मथुरानं फोटोच्या काचांची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मानसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर झाडाखाली बसलेल्या विठोजीकाकाकडे पाहिलं. कमिटीपुढं जायचं म्हणून काका वेळेआधीच येऊन बसला होता. “जा,” मानसिंग म्हणाला, “मी काही बघितलं नाही!”

मिस प्राइस पिपिटच्या सावलीत एका खोक्यावर बसून चहा पीत होत्या. शाळेत शिकलेलं इंग्रजी वर्गात पाठ म्हणायला ठीक, पण खऱ्याखुऱ्या मडमेपुढं? ती त्यांच्याजवळ गेली आणि एका दमात म्हणाली, “मॅडम, प्लीज, अप्पासाहेबांच्या हाताकडे बघा. तोंडाकडे नको. हाताकडे!”

बाईंनी भुवया उंचावल्या, पण कप खाली ठेवला.

अप्पासाहेब येऊन उभे राहिले. त्यांना बघायला क्लबची माणसं जमली. रघुपतीअण्णा काळ्या कपड्याखाली शिरला. “साहेब, अगदी कालच्यासारखंच हं! पुडा तसाच. हात तसाच. उदबत्ती तिथंच.”

“सरी, सरी, ठाऊक आहे! मला का शिकवतोस?” अप्पासाहेबांनी उदबत्ती पेटवली, ऐटीत हात उंचावला आणि काडी नळीच्या तोंडात घातली.

काडी थोडी आत गेली आणि अडली. त्यांनी ढकलली. पुन्हा अडली. त्यांनी काढून उलटसुलट बघितली आणि वैतागून मोठ्यानं म्हणाले, “आज आत का जात नाही ही? काल तर वीतभर गेली होती!”

क्लबची माणसं नळीकडे बघू लागली. पंखाखाली धुराचा वास दरवळत होता.

“ते काय म्हणाले?” मिस प्राइसनी विचारलं.

मथुरानं घसा साफ केला आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. बाई उठल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा आणि मग पुन्हा लाल. “या माणसानं,” त्या प्रत्येक शब्द तोडत म्हणाल्या, “माझ्या वेगाच्या नळीत काडी घातली? आणि दोष मेकॅनिकला दिला?”

“अहो, पूजा ती!” अप्पासाहेब गांगरले. “शुभ असतं. काढताना टोक मोडलं, म्हटलं राहू दे, देवाचीच वस्तू आहे. तेवढ्याशा काडीनं काय होतंय...” आणि बोलता बोलता काय झालं होतं ते त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांचा आवाज बारीक होत होत बंद पडला.

“काका!” सयाजी फाटकाकडे धावत सुटला. “काका, या! तुम्हाला बोलावलंय!”

काका आला. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ पंखाखाली गेला, दोन स्क्रू सोडवले, नळी उतरवली आणि मागच्या बाजूनं जोरात फुंकर मारली. फट्ट! बोटभर काडीचा तुकडा उडून चंपाच्या पायाशी पडला. चंपानं तो उचलून हुंगला आणि जाहीर केलं, “गगनगंध!”

हशा पिकला. नळी जागेवर बसली. मिस प्राइस आत काट्यापुढं बसल्या आणि सयाजीनं काकानं सांगितल्याप्रमाणे नळीच्या तोंडावर हळूच, अगदी हळूच फुंकलं.

“हलला!” आतून बाई ओरडल्या. “काटा हलला!”

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. अप्पासाहेब पुढं आले. पेटा आता खरोखरच वाकडा झाला होता, पण तो सावरायचं त्यांना भान नव्हतं. “विठोजी... विठोजीराव. मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं. सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोरच म्हणतो. माझं चुकलं.”

मथुराला वाटलं, काकानं आता चांगलं सुनवावं! सकाळपासून तिनं मनात चार-पाच वाक्यं तयारच ठेवली होती. पण काका एवढंच म्हणाला, “पूजा मनापासून केली होती, साहेब. फक्त विमानाला श्वास घ्यायला नाक हवं असतं, तेवढं सोडून बाकी कुठंही उदबत्ती लावा.” काका असाच होता, आणि म्हणूनच तो मथुराला इतका आवडायचा.

“आता कमिटीपुढं या तिघांना उभं करायला हवं!” क्लबचे एक वयस्कर सभासद म्हणाले. “आम्ही एवढी मोठी माणसं सकाळपासून नुसती डोकी खाजवतोय आणि या पोरांनी एका फोटोवरून चोर पकडला! शाबास!” मानसिंगनं सयाजीला खांद्यावर घेतलं. रघुपतीअण्णानं पोरांचा फोटो पिपिटपुढं काढला, आणि तोही फुकट. मिस प्राइसनी मथुराचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “माझ्या प्रदक्षिणेत आता तुझाही वाटा आहे. तू नसतीस तर मी अजून खोक्यावरच बसून असते.” मथुराचे कान लाल झाले. उत्तरादाखल पाठ केलेलं एक इंग्रजी वाक्य होतं, ते नेमकं त्याच वेळी पळालं!

“आता मला एक फेरी मारून खात्री करायला हवी,” बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या सीटवरची रबरी होडी नि खोकी बाहेर काढली आणि विठोजीकाकाकडे बोट केलं. “ज्यानं दुरुस्त केलं त्यानं सोबत उडायचं. हा माझा नियम आहे.”

मथुरानं भाषांतर केलं. काका दोन पावलं मागं सरकला. “मी? नको नको.”

“का हो? भीती वाटते?” सयाजीनं विचारलं.

“भीती कसली रे! पण मी... कधी वर गेलो नाही.”

“कधीच नाही?” मथुराला खरं वाटेना. तिच्या जन्माच्या आधीपासून काका विमानं दुरुस्त करत होता. जक्कूरहून उडणाऱ्या प्रत्येक विमानाला त्याचा हात लागलेला असायचा.

“मेकॅनिकला कोण नेतं, बाळ? आपलं काम जमिनीवरचं.”

पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. काका पिपिटजवळ गेला. पायरीशी थबकला. मग त्यानं चपला काढून गवतावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि अनवाणी आत चढला. कुणी हसलं नाही.

पिपिट धावलं. शेपूट उचललं. चाकं जमिनीपासून सुटली आणि ते तांबड्या उन्हात यलहंका गावाच्या बाजूला वळलं. सयाजी आणि चंपा गळा फाडून ओरडत होते. मथुरा मात्र काकाच्या चपला राखत उभी राहिली आणि रडत रडत हसत होती.

मोठा वळसा घालून पिपिट उतरलं आणि त्यांच्यापर्यंत आलं. इंजिन चालूच होतं. तिघं खिडकीशी धावली.

“काका! काय दिसलं? आपली पेठ दिसली? लालबाग दिसली?”

“वरून माणसं केवढी दिसतात?”

काका गोंधळला. सगळ्यांकडे बघून ओशाळं हसला. “बाहेर बघितलंच नाही रे. पूर्ण वेळ काट्याकडेच बघत होतो. छान चालतोय!”

“काका!!” तिघं एका सुरात ओरडली.

“काय म्हणतात ते?” इंजिनाच्या आवाजातून बाईंनी ओरडून विचारलं. मथुरानं सांगितलं. मिस ओल्वेन प्राइसनी काकाकडे बघितलं. मग त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली आणि काचेआडून ओरडल्या, “मग पुन्हा एकदा! या खेपेला काटा मी बघते. त्यांना सांग, बाहेर बघा!”

आणि पिपिट दुसऱ्यांदा धावलं. यावेळी ते मुलांच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की मथुराला काचेला चिकटलेलं काकाचं नाक स्पष्ट दिसलं. तो डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून खाली बघत होता, आणि दोन्ही हात हलवत होता.